याशचं नॅशनल थिएटर: झुंबर बघाच, पण आधी कोगल्निचानूच्या घरी जाऊन या

भाची रोमानियात याशला मेडिकलला आहे, तिच्याकडे गेले होते तेव्हा तिथलं नॅशनल थिएटर मनसोक्त बघून झालं. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे शिकायला असतात, त्यांचे आईवडीलही एखादी चक्कर मारतातच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. बहुतेक लोक बुखारेस्ट आणि ड्रॅक्युलाचा किल्ला करून परत येतात. याश पार ईशान्येला, मोल्दोव्हा देशाच्या बॉर्डरजवळ, त्यामुळे कुठल्या पॅकेज टूरमध्ये शक्यतो नसतंच. नाटकाची आवड असेल तर मी म्हणेन किल्ला राहू दे, याशला जा.

आधी थिएटरबद्दल. आत्ताची इमारत १८९४ ते १८९६ मधली, फेलनर आणि हेल्मर या व्हिएन्नाच्या जोडीने बांधलेली, त्यांनीच ओडेसाचा ऑपेरा आणि रोमानियातलंच क्लुजचं थिएटरही बांधलंय. १ डिसेंबर १८९६ ला उद्घाटन झालं. बाहेरून सुंदर आहेच, पण आत पाऊल टाकलं की बोलती बंद होते. सोनेरी नक्षी, लाल मखमल, वर छतावर पऱ्या आणि गुबगुबीत बाळं रंगवलेली, आणि मधोमध व्हेनिसच्या काचेचं १०९ दिव्यांचं झुंबर. सगळे मिळून १४१८ दिवे. १८९६ मध्ये विजेचे एवढे दिवे एकदम लागलेले बघून लोकांना काय वाटलं असेल विचार करा.

पडदा मात्र नीट बघा, तिथे घाई करू नका. व्हिएन्नाच्या लेंझ नावाच्या चित्रकाराचा आहे, मध्यभागी माणसाच्या आयुष्याच्या तीन अवस्था दाखवल्यात, आणि एका बाजूला मोल्दाव्हिया (ज्यात याश आहे), वलाकिया आणि ट्रान्सिल्व्हेनिया या तीन प्रांतांची एकी. आणि गंमत म्हणजे १८९६ मध्ये ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात नव्हताच, तो ऑस्ट्रिया-हंगेरीकडे होता, आला १९१८ ला. म्हणजे प्रत्यक्षात जे व्हायला बावीस वर्षं होती ते आधीच नाटकाच्या पडद्यावर रंगवून ठेवलेलं! हे थिएटर नुसती करमणुकीची जागा म्हणून उभं राहिलेलं नाही हे मला त्या पडद्यासमोर पहिल्यांदा लख्ख कळलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलंय तो माणूस. मिहाइल कोगल्निचानू, याशचा लेखक आणि पुढारी. आम्ही गावात एक वॉकिंग टूर घेतली होती (कुणाची ते लिहीत नाही), त्या गाइडने थिएटरसमोर उभं राहून आर्किटेक्ट सांगितले, झुंबर सांगितलं, समोरच्या पुतळ्यातले कवी-नाटककार वासिले अलेक्सान्द्री सांगितले, ज्यांचं नाव १९५६ पासून थिएटरला आहे, आणि कोगल्निचानूचं नावसुद्धा घेतलं नाही. मला ते फार लागलं. कारण संस्था ही इमारतीपेक्षा बरीच जुनी आहे, रोमानियातलं सगळ्यात जुनं नॅशनल थिएटर, १८४० सालचं, आणि ते चालवायला घेणाऱ्या तिघांत अलेक्सान्द्रींच्या बरोबरीने हा होता. तिसरे लेखक कोस्ताके नेग्रुत्सी.

१८४० मध्ये कोगल्निचानूचं वय २२. नुकताच बर्लिनहून शिकून आलेला. तेव्हा रोमानिया नावाचा देशच नव्हता, मोल्दाव्हिया हे वेगळं संस्थान, याश त्याची राजधानी, वरून तुर्कांची सत्ता आणि शेजारून रशियाचा दाब. सरदार-जमीनदार घरात फ्रेंच बोलायचे आणि थिएटर म्हणजे फ्रेंच कंपनीचे प्रयोग. रोमानियन भाषेत नाटक झालेलं होतं, नाही असं नाही, १८१६ ला गिओर्गे आसाकी यांनी एका सरदाराच्या वाड्यात पहिलं केलं होतं आणि पुढे १८३६ मध्ये नट तयार करायला शाळाही काढली होती, तो मान त्यांचाच. पण सीझनभर नियमित आपल्या भाषेत नाटक चालू ठेवायचं म्हणजे नट हवेत, संहिता हव्यात, पैसा हवा, आणि सेन्सॉरला तोंड द्यायची तयारी हवी. हे काम या तीन तरुण पोरांच्या गळ्यात पडलं. फ्रेंच कंपनी आणि देशी कंपनी, दोन्ही एकाच वेळी त्यांच्याकडे.

मी स्वतः हौशी नाटकात बरीच वर्षं काम केलंय, तर यातली मेहनत मला कळते. लोक नाटककाराचं नाव लक्षात ठेवतात, नटाचं ठेवतात, पण तारीख मिळवणारा, वरच्यांची मनधरणी करणारा, "तू लिही रे, आम्ही बसवतो" म्हणून लेखकाच्या मागे लागणारा जो असतो त्याला कोण विचारतं? कोगल्निचानूचं मोठेपण मला तिथे दिसतं. त्याने स्वतः दोन नाटकं दिली, एक दोन बायका विरुद्ध एक नवरा अशा थाटाचं आणि दुसरं एका सुखी आंधळ्याचं, दोन्ही फ्रेंचवरून बेतलेली. खरं तर नाटककार म्हणून तो आज कुणाच्या लक्षात राहण्यासारखा नाही. पण त्याच १८४० साली त्याने 'दाचिया लितेरारा' हे मासिक काढलं आणि त्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं की भाषांतरांनी साहित्य तयार होत नाही, आपला इतिहास, आपला निसर्ग, आपल्या चालीरीती यातून लिहा. मासिकाचे तीनच अंक निघाले, पुढे सरकारने बंद पाडलं. पण तेच धोरण थिएटरमध्ये आलं. आज लागणारा प्रयोग उसनी नाटकं आणून भागवायचा आणि तोवर आपला लेखक घडवायचा. अलेक्सान्द्रींची पहिली कॉमेडी त्याच वर्षी तिथेच स्टेजवर आली, आणि ते पुढे रोमानियन रंगभूमीचे सगळ्यात मोठे नाटककार झाले. म्हणून म्हणते, पुतळा अलेक्सान्द्रींचा असू दे, हक्काचाच आहे, पण निदान नाव तरी घ्या या माणसाचं.

१८४२ पर्यंत तिघांचा कारभार आटोपला. पुढे हा माणूस १८६३ ते १८६५ रोमानियाचा पंतप्रधान झाला, वेठबिगारी बंद करून शेतकऱ्यांना जमिनी देणारा १८६४ चा कायदा त्याच्याच काळातला, त्याआधी १८५५ ला मोल्दाव्हियात रोमा (जिप्सी) लोकांची गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्याच्या मसुद्यातही तो होता, आणि १८७७ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून पार्लमेंटमध्ये उभं राहून तुर्कांपासून आपण स्वतंत्र आहोत हे यानेच सांगितलं. मला तरी हे सगळं थिएटरपासून वेगळं वाटत नाही. एक हॉल भरून लोकांना रोज संध्याकाळी त्यांच्या भाषेत हसवायचं-रडवायचं, म्हणजे हे सगळे आपण एक आहोत हे त्यांचं त्यांना कळतं, हे त्याने विशीत ओळखलं होतं. आपल्याकडे सांगलीला विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर १८४३ चं, म्हणजे अगदी त्याच सुमाराला, हे आठवून तर मला तिथे बसल्या बसल्या भरून आलं.

आम्ही बघितलं ते अलेक्सान्द्रींचंच, किरीत्साबाईंचं नाटक. किरीत्सा म्हणजे खेडेगावातली जमीनदारीण, मोठ्या लोकांत उठबस करायची हौस, फ्रेंच मास्तर ठेवलाय आणि आपल्या म्हणी शब्दाला शब्द लावून फ्रेंचमध्ये ठोकून देते. हुशार माणसाला रोमानियनमध्ये 'पुस्तकांचा ढोल' म्हणतात तर ही फ्रेंचमध्येही ढोलच वाजवते! भाची कानात सांगत होती (मेडिकलवाल्यांना पेशंटशी बोलायला रोमानियन शिकावंच लागतं), पण निम्म्या वेळेला तिची गरजच पडली नाही, नटाचा चेहरा पुरेसा होता. पूर्वी हे काम मातेई मिल्लो नावाचे नट लुगडं, आपलं, झगा घालून करायचे. फ्रेंचाळलेल्या सरदारांच्या राजधानीत फ्रेंचाळलेपणावरच हसणारं नाटक १८५०-५२ मध्ये गाजतं, याची सुरुवात १८४० च्या त्या तिघांत आहे. शेजारच्या खुर्चीतल्या आजी पुढचं वाक्य नटाच्या आधी पुटपुटत होत्या, तिथे माझे पैसे वसूल.

जायचं असेल तर असं करा. सकाळी कोगल्निचानूचं घर, जिथे आता म्युझियम आहे, रस्त्यालाही त्याचंच नाव. फर्निचर, पुस्तकं, कागदपत्रं, शांतपणे बघता येतं. स्वयंपाकाची आवड असणाऱ्यांसाठी एक सांगते, याने आणि नेग्रुत्सींनी मिळून १८४१ मध्ये २०० पाककृतींचं पुस्तकपण काढलंय, थिएटर चालवता चालवता! मग ट्रामने वर कोपोऊ टेकडीवर. तिथे युनिव्हर्सिटीच्या समोर त्याचा पुतळा आहे, १९११ चा, आणि ही युनिव्हर्सिटीची इमारत जिथे आहे तिथेच १८४६ साली उघडलेलं जुनं थिएटर होतं, जे १८८८ च्या आगीत जळालं. पुतळ्याच्या मागे आज थिएटर नाही, पण जागा तीच, हे कुणी बोर्ड वाचून सांगेलच असं नाही म्हणून लक्षात ठेवा. यहुदी रंगभूमीत रस असेल तर थिएटरजवळ नाटककार गोल्डफाडेन यांचं स्मारकही बघा, यिडिशमधली (पूर्व युरोपातल्या यहुद्यांची भाषा) त्यांची पहिली व्यावसायिक नाटक कंपनी १८७६ ला याच गावात सुरू झाली.

संध्याकाळी नाटक. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, शनिवार-रविवारी तर नक्कीच. शक्यतो खालची मधली सीट घ्या, अशा जुन्या थिएटरांत कडेच्या बॉक्समधून स्टेजचा एक कोपरा कापला जातो. भाषेची अगदीच धास्ती असेल तर याच इमारतीत ऑपेराचेही प्रयोग होतात, ते घ्या, पण माझं ऐकाल तर नाटकच बघा आणि कथा आधी वाचून जा. ऐन उन्हाळ्यात सीझन बंद असतो, त्यामुळे तिकडच्या पोरांना विचारून मगच विमानाचं बुकिंग करा. आणि वेळेच्या अर्धा तास आधी आत जाऊन बसा, म्हणजे दिवे मंद व्हायच्या आत तो पडदा नीट बघून होईल.

पाचपैकी पाच.