नोकरी डॉट कॉमचा आढावा: कंपनीला कोण दिसतं, कोण दिसत नाही आणि का

चाकणच्या एखाद्या ऑटो पार्ट कंपनीला क्वालिटी इंजिनिअर हवा असला, की एचआरवाले जाहिरात टाकून नुसते अर्जांची वाट बघत बसत नाहीत. ते रेस्डेक्स उघडतात. रेस्डेक्स म्हणजे नोकरी डॉट कॉमवर जमलेल्या रेझ्युमेंचं कोठार. त्यात शोधण्यासाठी कंपन्या पैसे भरतात. समजा कीवर्डच्या रकान्यात सीएमएम (मोजमापाचं यंत्र), पीपीएपी (नव्या पार्टच्या मंजुरीची पद्धत), आयएटीएफ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) घातलं. अनुभव ३ ते ६ वर्षं, ठिकाण पुणे, पगार ६ लाखांपर्यंत, नोटीस महिन्याच्या आत, गेल्या महिन्याभरात साइटवर आलेले उमेदवार. एवढ्या चाळण्या लावल्या की हजारो नावांतून मोजकीच उरतात, आणि फोन त्यातल्या वरच्या काही जणांना जातात. बाकीच्यांना आपण गळलो हे कळतसुद्धा नाही.

ही साइट १९९७ साली संजीव बिखचंदानी यांनी सुरू केली, आणि ती चालवणारी इन्फो एज कंपनी २००६ पासून शेअर बाजारात आहे. उमेदवाराला नाव नोंदवायला किंवा अर्ज करायला एक पैसा लागत नाही. मुख्य कमाई कंपन्यांकडून होते. म्हणजे इथलं गिऱ्हाईक कंपनी आहे, हे आधी ध्यानात घ्या. ‘दोनशे अर्ज केले, एकही फोन नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांचं प्रोफाइल उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा रकाने अर्धवट नाहीतर चुकीचे भरलेले असतात. अर्ज करण्यापेक्षा सापडण्यावर मेहनत घेतली तर ही साइट आजही अनुभवी माणसासाठी सगळ्यात कामाची आहे. फ्रेशरसाठी तेवढी नाही, त्याबद्दल पुढे.

हेडलाइनपासून सुरुवात करा. मर्यादा २५० अक्षरांची, आणि त्यात लोक ‘होतकरू, मेहनती, शिकण्याची तयारी’ असं लिहून ठेवतात. कोणताही रिक्रूटर ‘मेहनती’ हा शब्द टाकून माणूस शोधत नाही. तो पद, वर्षं, उद्योग आणि यंत्राचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव शोधतो. म्हणून हेडलाइन अशी हवी: ‘क्वालिटी इंजिनिअर, ४ वर्षं, ऑटो कंपोनंट, सीएमएम, पीपीएपी, ८डी, आयएटीएफ १६९४९, पुणे’. हे सगळं इंग्रजीतच भरायचं, कारण शोधही इंग्रजीतच होतो. की-स्किल्समध्ये तेच शब्द पुन्हा घाला आणि जिथे संक्षेप आहे तिथे पूर्ण नावही द्या. एक जण ‘पीपीएपी’ शोधेल, दुसरा ‘प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस’. अकाउंट्सवाल्यांनी नुसतं ‘जीएसटी’ लिहून थांबू नये. जीएसटीआर-१, जीएसटीआर-३बी, टीडीएस रिटर्न, टॅली प्राइम, बँक रिकन्सिलिएशन असं सुटं सुटं लिहावं. मात्र मुलाखतीत पाच मिनिटं बोलता येईल तेवढंच लिहा. सीएमएमवर फक्त रिपोर्ट वाचला असेल आणि प्रोग्रॅम कधी केला नसेल, तर तसंच लिहिलेलं बरं.

सगळ्यात जास्त माणसं पगाराच्या रकान्यात घसरतात. तिथे वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, विचारलेली असते आणि छोट्या कंपनीतला माणूस खात्यावर जमा होणाऱ्या रकमेला बारांनी गुणून मोकळा होतो. हिशोब करून बघा. हातात महिना २५,००० येतात, बेसिक १५,००० आहे. तुमच्या पगारातून पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात, म्हणजे कपातीआधीचा पगार २७,०००. त्यावर कंपनी तिच्याकडून पीएफचे १,८०० भरते आणि ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२२ रुपये बाजूला धरते. सीटीसी झाली महिना २९,५२२, वर्षाला सुमारे ३ लाख ५४ हजार. प्रोफाइलवर मात्र ३ लाख लिहिलेले! पुढची कंपनी २० टक्के वाढ देते म्हणाली, तर ती ३ लाखांवर मिळून आकडा ३ लाख ६० हजार होतो. प्रत्यक्षात वाढ हजार रुपयांचीही होत नाही, महिन्याला ५०० रुपयांच्या आत राहते. उलट फुगवून लिहिलं तर ऑफर देण्याआधी तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मागतात, तिथे पकडले जाता. सध्याच्या नोकरीच्या ऑफर लेटरच्या शेवटी पगाराचा तक्ता जोडलेला असतो, त्यातला सीटीसीचा आकडा जसाच्या तसा घाला. तक्ता नसेल तर वरच्यासारखा हिशोब मांडा.

नोटीस पिरियडचंही असंच. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांची नोटीस सर्रास आहे, पण घाई असलेला रिक्रूटर चाळणी लावतो १५ किंवा ३० दिवसांची. ९० लिहिलं की तुम्ही त्या यादीतून बाहेर. पण तेवढ्यासाठी खोटं १५ लिहू नका. पहिल्याच फोनवर उघडं पडतं आणि त्या कंपनीच्या नोंदीत तो शेरा राहतो. नेमणूकपत्रात नोटीसच्या बदल्यात पैसे भरून लवकर सुटायची सोय आहे का ते वाचा, असेल तर रेझ्युमेच्या पहिल्या चार ओळींत ‘नोटीस ९० दिवस, बाय-आउट शक्य’ असं लिहा. राजीनामा दिलेला असेल तर ‘सर्व्हिंग नोटीस पिरियड’ निवडून शेवटची तारीख भरा. रिक्रूटर अशी प्रोफाइलं मुद्दाम शोधून काढतात.

आता फाइल. डॉक, डॉकएक्स, आरटीएफ किंवा पीडीएफ, २ एमबीपर्यंत चालते. कॅनव्हावर बनवलेले दोन कॉलमचे रंगीत रेझ्युमे माणसाला छान दिसतात, पण मशीन ते वाचताना डावीकडची आणि उजवीकडची ओळ एकमेकांत मिसळून टाकू शकतं. हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर काही वेळा वाचलाच जात नाही. स्कॅन करून पीडीएफ केलेल्या कागदात मशीनच्या लेखी मजकूरच नसतो, ते नुसतं चित्र असतं. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते: टायपिंगवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये करून घेतलेला बायोडेटा. हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, त्यामुळे डोळ्यांना मराठी दिसतं आणि मशीनला इंग्रजी अक्षरांची भेळ. तपासायची सोपी रीत आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल, साधारण तेच मशीन वाचतं. नाव, नंबर, कंपन्या, तारखा नीट आल्या तरच फाइल चढवा.

तारखांबद्दल एक सावधगिरी. पार्श्वभूमी तपासणीत आता रिलीव्हिंग लेटरइतकंच महत्त्व पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीला आहे. यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पोर्टलवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. जुन्या कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ भरलीच नसेल किंवा चुकीची भरली असेल, तर कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन नोकऱ्या करताना दिसता. नोकरी शोधायला लागण्याआधी हे बघून घ्या, कारण दुरुस्तीला वेळ लागतो आणि ऑफर हातात आल्यावर तेवढा वेळ मिळत नाही.

जाहिरातींकडे वळू. जाहिरात उघडली की शेजारी जुळणी दिसते: कौशल्यं, ठिकाण, अनुभव जुळतात का, आणि तुम्ही लवकर अर्ज करणाऱ्यांत आहात का. पहिल्या तिन्हींवर खूण नसेल तर अर्ज करण्यात वेळ घालवू नका. जाहिरातीतल्या कौशल्यांपैकी काहींवर चांदणी असते. ती कंपनीला जास्त हवी असलेली. अर्ज करताना छोटे प्रश्न येतात, अमुक टूलवर किती वर्षं, नोटीस किती. ते घाईत उरकू नका. तिथे चुकून शून्य पडलं, तर रेझ्युमेत चार वर्षं लिहिलेली असली तरी अर्ज पहिल्याच गाळणीत अडकू शकतो. साइटचा खरा दुबळेपणा म्हणजे एकच जागा तीन-चार कन्सल्टन्सींनी वेगवेगळ्या शब्दांत टाकलेली असणं. कंपनीचं नाव झाकलेलं, पण ठिकाण, पगार आणि कामाचा मजकूर तोच. अशा वेळी एकाच ठिकाणी अर्ज करा. दोन कन्सल्टंटनी तुमचा रेझ्युमे एकाच कंपनीला पाठवला तर फी कोणाला द्यायची यावरून वाद होतो आणि कंपनी तो उमेदवारच बाजूला ठेवते. फोन आला की आधी विचारा, ‘क्लायंट कोणता?’, आणि नाव वहीत लिहून ठेवा.

या साइटचा एक उपयोग फार कमी लोक करतात, आणि कामाचं क्षेत्र बदलायचं असेल तर तोच सगळ्यात मोलाचा आहे. नोकरी नको असतानाही शोधा. तुमचं पद आणि शहर टाका, नव्या वीस जाहिराती वाचा आणि कोणतं कौशल्य किती वेळा आलं याच्या रेघा मारा. मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्याला सेलेनियम, एपीआय टेस्टिंग आणि एसक्यूएल पुन्हा पुन्हा दिसेल. अकाउंटंटला एक्सेलचं पिव्हट टेबल आणि सॅप. नुसत्या डेटा एंट्रीच्या जागांचं वर्णन नीट वाचलं, तर आता नोंदी तपासणं आणि रिपोर्ट काढणं अशी कामं त्यात जोडलेली आढळतील. वीसपैकी बारा जाहिरातींत आलेलं कौशल्य शिकायला घ्या. दोनात आलेलं सोडा. साठ-सत्तर हजारांचा कोर्स विकणाऱ्या क्लासच्या समुपदेशकापेक्षा ही वही जास्त भरवशाची आहे.

पैसे घेऊन मिळणाऱ्या सेवा, म्हणजे रेझ्युमे लिहून देणं किंवा प्रोफाइल वर दाखवणं, बहुतेकांना लागत नाहीत. वर सांगितलेलं सगळं करूनही दीड-दोन महिने ‘सर्च अपिअरन्स’चा, म्हणजे शोधात तुम्ही किती वेळा दिसलात त्याचा, आकडा हललाच नाही तरच विचार करा, आणि घेतलीच तर सर्वात कमी मुदतीची सेवा घ्या. ज्याला तुमचं काम माहीत नाही त्याने लिहिलेला रेझ्युमे गुळगुळीत असतो, पण त्यात पीपीएपीची कोणती लेव्हल केली हे नसतं. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्याचंही तेच होतं. भाषा सुधारायला ते वापरा, आकडे आणि मशीनची नावं तुमचीच हवीत.

प्रोफाइल उघडं झालं की नको ते फोनही येणार. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचा खर्च, टेलिग्रामवर ‘टास्क’ पूर्ण करा, यातलं काहीही कानावर आलं की फोन ठेवा. नोकरी देणारी कंपनी पैसे मागत नाही. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आला आहे का ते अक्षर अक्षर लावून पाहा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. रेझ्युमेत आधार, पॅन आणि घरचा पूर्ण पत्ता कधीच घालू नका. ‘हडपसर, पुणे’ एवढं पुरतं. शक्य असेल तर नोकरी शोधण्यापुरतं वेगळं सिम आणि वेगळा ईमेल ठेवा. सध्याच्या साहेबांच्या नजरेस पडू नये म्हणून सेटिंगमध्ये कंपन्या ब्लॉक करायची सोय आहे. आपल्या कंपनीबरोबर तिच्या भगिनी कंपन्यांची नावंही तिथे घाला. गटाचं नाव एक आणि नोंदणीचं नाव वेगळं, असं हमखास असतं.

फ्रेशरने इथे नाव जरूर नोंदवावं, पण आस लावून बसू नये. शोधच ‘किमान १ वर्ष’पासून सुरू होत असेल तर त्याचं नाव येणार कुठून? त्याने राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी करावी. रोजगार मेळाव्यांच्या सूचना तिथे येतात, आणि २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची नोंदणीही तिथलीच. त्यात बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. वयोमर्यादा १८ ते ३५. आपल्या जिल्ह्यात सध्या जागा आहेत का ते आधी पाहा आणि बँक खातं आधारशी जोडून ठेवा, कारण रक्कम थेट खात्यावर येते. ही पक्की नोकरी नाही, पण अनुभवाच्या रकान्यातला शून्य पुसला जातो. केंद्र सरकारचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टल २०१५ पासून मोफत आहे. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिपचं पोर्टल आधी धरावं. टेलिकॉलर, डिलिव्हरी, दुकानातलं काम हवं असेल तर ‘अपना’ ॲप बरं, तिथे एचआरशी थेट बोलणं होतं. लिंक्डइन आयटी, मार्केटिंग आणि मोठ्या पदांसाठी. पण तिथे ‘ओपन टू वर्क’ (नोकरी शोधतोय) चालू करण्याआधी लक्षात घ्या, ‘फक्त रिक्रूटरना दाखवा’ निवडलं तरी सध्याच्या कंपनीला कळणारच नाही अशी खात्री लिंक्डइन स्वतःच देत नाही.

नोकरी लागल्यावर प्रोफाइल डिलीट करू नका, सेटिंगमधून ते झाका. नवी कंपनी, रुजू तारीख आणि नवी सीटीसी पहिल्याच महिन्यात भरून ठेवा, ऑफर लेटर समोर असतानाच. दर सहा महिन्यांनी केलेल्या कामाची एक ओळ आकड्यासकट घाला: किती पार्टचं पीपीएपी, रिजेक्शन किती टक्क्यांवरून कितीवर आणलं. तीन वर्षांनी पुन्हा शोधायला बसाल तेव्हा हे आकडे आठवत नसतात, आणि जुन्या कंपनीचा लॅपटॉपही हाताशी नसतो.