दोनशे लिटरचं सोलर, चार पावसाळे वापरल्यावर

सोलर वॉटर हीटर बसवून चार वर्षं झाली म्हणून आता लिहितेय. घेताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि दर दिवाळीच्या आधी गल्लीतलं कोणीतरी येऊन विचारतंच, की वहिनी तुमचं सोलर कसं काय, घेऊ का नको.

आमचं घर बेळगावातल्या वडगावात, सासूबाई धरून माणसं पाच, बोअरचं पाणी. घेतलं ते २०० लिटरचं, काचेच्या २० ट्यूबवालं. प्लेटवालं पण बघितलं होतं, ते दणकट असतंय, वर्षानुवर्षं टिकतंय, पण त्याच्या आतल्या तांब्याच्या नळ्या बारीक, बोअरचं जड पाणी असलं की क्षार धरून त्या हळूहळू बुजतात. ज्यांना राकसकोप धरणाचं नळाचं पाणी पुरतंय त्यांनी प्लेटवालं जरूर बघावं. ट्यूबमध्ये पण क्षार बसतो, पण ट्यूब काढून धुता येते, फुटली तर तेवढीच एक बदलता येते. फक्त एक ध्यानात ठेवा, ट्यूबमध्ये पाणीच असतंय, त्यामुळं एक जरी फुटली तरी टाकी गच्चीवर रिकामी होते. आमची वळवाच्या गारांनी एकदा फुटली, सकाळी उठून बघतोय तर सगळी गच्ची ओली आणि नळाला थेंब नाही.

आता खरी गोष्ट. मशीन चांगलं होतं, वाट लावली ती फिटिंगनं. ज्या दुकानातनं घेतलं त्यांचीच माणसं आली, तीन तासात बसवून पैसे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरच्या नळाला हात भाजेल असं पाणी, आणि खाली न्हाणीत करंगळीएवढी धार, ती पण मध्येच फुस्स करून बंद. फोन केला तर म्हणाले, "वहिनी, नवीन आहे, होतंय चालू." परत केला, परत तेच. दोन महिने मी वरनं बादल्या भरून खाली आणल्या, पाठीची वाट लागली, आणि शेवटी तर फोन उचलायचंच बंद केलं त्यांनी. २८ हजार घेताना मात्र घरी दोनदा येऊन गेले होते. याचा राग मला अजून आहे.

मग जाऊबाईंनी अनगोळातला एक प्लंबर पाठवला, कन्नड बोलणारा, वयस्कर माणूस. वर गेला, पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिला आणि म्हणाला, "एअर लॉक आगैतरी अक्का." गरम पाण्याचा पाइप कठड्यावरनं वर चढवून मग खाली सोडला होता, त्या चढावर हवा अडकून बसायची आणि पाणी पुढं जायचंच नाही. दुसरं म्हणजे थंड पाण्याची काळी टाकी सोलरच्या टाकीला लागून, जवळजवळ एकाच उंचीवर ठेवलेली. याला पंप नसतो, थंड पाणी आपल्या वजनानं खालनं आत शिरतंय आणि गरम पाण्याला वरनं ढकलतंय, मग थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या वर नको का? त्यानं लोखंडी स्टँड करून काळी टाकी अडीच फूट उचलली, हवा जायचा पाइप त्या टाकीच्या पाण्यापेक्षा उंच नेला, गरम लाइन कठड्याला भोक पाडून सरळ उतरती घेतली. संध्याकाळी खाली बादली चार मिनिटात भरली.

लाइनचा आणखी एक घोळ होता. गच्चीपासनं खालच्या न्हाणीपर्यंत ४५ फूट, आणि पहिल्या लोकांनी सगळीकडं एक इंची पाइप उघडाच टाकलेला. सकाळी नळ सोडला की पाइपातलं गार पाणी आधी बाहेर येणार, मी बादली लावून मोजलं, सहा लिटरच्या आसपास. पाच माणसं पाच वेगवेगळ्या वेळी आंघोळ करणार म्हणजे किती पाणी गेलं बघा. त्यानं पाऊण इंची घातला आणि वर काळं स्पंजसारखं वेष्टण चढवलं. आता आम्ही पाठोपाठ आंघोळी उरकतो, आणि पहिलं गार पाणी विसणाला बाजूला ठेवतो.

पावसाळ्याचं खरं सांगते. बेळगावात जूनपासनं सप्टेंबरपर्यंत सोलरच्या भरवशावर बसू नका. मध्ये उघडीप मिळाली तर कोमट येतंय, पण जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा काहीच नाही. टाकीत करंटची कॉइल आहे, पहिल्या वर्षी तीच लावायचो. २०० लिटर पाणी २५ डिग्रीनं चढवायला जवळपास सहा युनिट जातात, रोज लावली तर महिन्याचे १८० झाले की. आणि गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, २०० युनिटच्या वर गेलात तर सगळंच बिल अंगावर येतंय, त्या जुलैत आमचं तसंच झालं. दुसऱ्या वर्षी न्हाणीत १५ लिटरचा छोटा गिझर बसवला. त्यात एकदा तापवायला पाऊण युनिटच्या आत लागतंय, विसण घालून दीड बादली होते, एका माणसाला भरपूर. टाकीतली कॉइल आता आम्ही लावतच नाही. आणि गॅस गिझर घेणार असाल तर हात जोडून सांगते, बंद न्हाणीत बसवू नका, त्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते.

थंडीत मात्र हे सोलर सोनं आहे. ट्यूबला दोन काचा आणि मध्ये हवा काढून टाकलेली, त्यामुळं बाहेर गारठा असला तरी ऊन पडलं की पाणी तापतंयच. नरक चतुर्दशीला पाहुणे धरून आम्ही नऊजण होतो, पहाटे चारला उटणं लावून पहिली आंघोळ, आदल्या दिवशीच्या उन्हाचं पाणी, आणि नवव्या माणसाला पण कडत मिळालं. सासूबाई आयुष्यभर बंब पेटवत आलेल्या, धुरानं डोळे जायची वेळ आली होती, त्या दिवशी म्हणाल्या, "जळण नाही, फुंकणं नाही, बरं झालं बाई." मला तेवढ्यात सगळं भरून पावलं.

देखभाल फार नाही. दिवाळीच्या आधी तोच प्लंबर येतो, टाकीचा तळ सोडून गाळ काढतो, चार-पाच ट्यूबा उतरून बघतो. यंदा त्यानं टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड काढून दाखवला, पेन्सिलीएवढा झिजलेला. टाकीच्या ऐवजी गंज त्याला खातो म्हणे, तो संपला की टाकीची पाळी. नवीन घातला. हा रॉड असतो हेच दुकानदारानं सांगितलं नव्हतं, तुम्ही घेताना विचारून घ्या.

खानापूरची बहीण आता घ्यायचं म्हणतेय. तिथला पाऊस आमच्यापेक्षा जास्त. तिला सांगितलंय, दुकानात जायच्या आधी टेप घेऊन गच्चीपासनं न्हाणीपर्यंत किती फूट पडतंय ते मोज, थंड टाकी कुठं उचलून ठेवणार ते बघ, आणि परड्यातला तांब्याचा बंब मोडीत घालू नको.