पॉप-अप ब्लॉकर चालूच होता, तरी पैसे गेले

गोव्यातल्या लोकांनी हे जरा वाचाच, खास करून ज्यांचे आईवडील गावच्या घरी दोघंच असतात आणि लॅपटॉप, नेट वगैरे वापरतात. चवथीच्या तोंडावर आमच्या घरात ६३,९९८ रुपयांना चुना लागलाय. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना पाठ आहे, बँकेचे मेसेज येतात, फोन लावला की आधी तेच ऐकावं लागतं, अनोळखी नंबर तर घरात कोणी उचलतच नाही. पण इथं फोन चोरांकडून आलाच नाही ना, आमच्याकडूनच गेला, आणि सगळी गोम तिथंच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे सासरे साखळीला असतात, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. सरकारी नोकरीतून रिटायर, आता देवळाच्या आरतीच्या मंडळीत घुमट वाजवतात, आणि चवथीत घरोघरी आरत्या असतात तेव्हा तर त्यांना जेवायलाही फुरसत नसते. तर आरत्यांची जुनी वही पावसाळ्यात बुरशी लागून गेली, पानं एकमेकांना चिकटली, म्हणून ते नेटवर घुमट आरतीची पीडीएफ शोधत होते. सापडली एक साइट. आता त्या साइटचं पान मी नंतर स्वतः बघितलंय, त्यावर डाउनलोडची हिरवी बटणं नुसती भरलेली होती, त्यातलं खरं एकच, ते पण बारीक अक्षरात खाली. वरचं मोठं दाबलं की दुसरा टॅब उघडतो, त्यात एका रोबोटचं चित्र आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं की तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला 'अलाव' दाबा. तात्यांनी दाबलं. हल्ली प्रत्येक सरकारी फॉर्मला आपण रोबोट नाही हे सिद्ध करावं लागतंच की, सिग्नल ओळखा, बस ओळखा, मग यात संशय कसला येणार. आणि खरी पीडीएफ पण मिळाली, म्हणजे काम झालं.

त्या दिवसापासून लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली छोटे छोटे चौकोन यायला लागले. साइट बंद केलेली, कधी कधी तर ब्राउझरसुद्धा बंद, तरी येतात. अँटीव्हायरसचं चिन्ह, लाल रंग, तुमचं लायसन्स आज संपतंय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक इतके व्हायरस सापडले. आमच्या सासूबाई म्हणाल्या पण की हे काय सारखं टिंगटिंग वाजतंय. तात्या म्हणाले कंपनीवाले रिन्यूअल मागतायत.

आता इथं थोडं थांबून सांगतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हा जो चौकोन येतो ना तो पॉप-अप नव्हे, ते नोटिफिकेशन, म्हणजे परवानगी दिलेल्या साइटने पाठवलेली सूचना. पॉप-अप म्हणजे साइट उघडली की आपोआप दुसरी खिडकी उघडते ती. ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी म्हापशात किंवा पणजीत सायबर कॅफेत तासावर पैसे भरलेत त्यांना आठवत असेल, एक बंद करावी तर तीन उघडायच्या आणि आपला अर्धा तास खिडक्या मिटण्यातच जायचा. हा प्रकार नव्वदच्या दशकात सुरू झाला, त्याचा कोड लिहिणाऱ्यांपैकी एक ईथन झुकरमन (फेसबुकवाला नव्हे, हा वेगळा), त्याने २०१४ साली लेख लिहून जगाची जाहीर माफी मागितली. लोक इतके वैतागले होते की २००२ मध्ये अमेरिकेत अर्थलिंक नावाच्या इंटरनेट कंपनीने स्वतःच ग्राहकांना पॉप-अप अडवणारं सॉफ्टवेअर द्यायला सुरुवात केली, त्याच वर्षी एओएल या दुसऱ्या इंटरनेट कंपनीने सुद्धा आपल्याकडच्या दुसऱ्यांच्या पॉप-अप जाहिराती विकणं बरंचसं बंद केलं. मग मोझिला, फायरफॉक्स, सफारी या ब्राउझरांत ब्लॉकर आलाच, आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मधून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आला तेव्हा खऱ्या अर्थाने तो त्रास कमी झाला. क्रोमने तर २०१८ मध्ये आधी अमेरिका-युरोपात आणि जुलै २०१९ पासून जगभर, जास्तच त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या साइटच्या सगळ्याच जाहिराती बंद करायला सुरुवात केली.

मग हे चोर गेले कुठं? तर ते परवानगी मागायला लागले. ब्लॉकरचा नियम साधा आहे, आपोआप उघडेल ते अडवायचं, माणसाने क्लिक करून उघडलं तर उघडू द्यायचं. म्हणून त्यांची सगळी हुशारी आता तुमच्याकडून एक क्लिक काढून घेण्यात खर्च होते. कुठं खोटं डाउनलोड बटण, कुठं व्हिडिओवर दिसणार नाही असा पारदर्शक पडदा, की प्लेला हात लावला की भलतंच उघडतं. आणि नोटिफिकेशनला एकदा 'अलाव' म्हटलं की ती साइट तुमच्या दृष्टीने बंद झाली तरी ब्राउझरच्या दृष्टीने तुमची ओळखीची, ती कधीही बेल वाजवू शकते. तात्यांच्या क्रोममध्ये पॉप-अप ब्लॉक आहेत असं अगदी व्यवस्थित लिहिलेलं होतं, मी नंतर बघितलं, आणि ते खोटं नव्हतं.

तर एका दुपारी त्यातल्या एका चौकोनावर क्लिक झालं आणि पूर्ण स्क्रीन निळी. वर विंडोजचं चिन्ह, मध्ये इंग्रजीत की सुरक्षेसाठी हा कॉम्प्युटर लॉक केला आहे, बंद करू नका, केलात तर सगळा डेटा जाईल, खाली एक टोल फ्री नंबर, आणि स्पीकरमधून एक बाई मोठमोठ्याने तेच तेच वाक्य म्हणतेय. माऊसचा बाण गायब. वर जो क्रॉस दिसत होता तो क्रॉस नव्हताच, ते चित्र होतं, अख्ख्या ब्राउझरचा फोटो पानावर चिकटवलेला, त्याच्यावर कितीही क्लिक करा काय होणार. शेजारचे लोक बाहेर येऊन विचारायला लागले काय झालं. अशा वेळी सत्तरीतला माणूस काय करणार, समोर नंबर दिसतोय, लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, आणि तात्या अजून म्हणतात की इतक्या अदबीने त्यांच्याशी कुठल्या बँकेतला माणूस बोललेला नाही. सर घबराइए मत, आप सही जगह आए हैं. आधी त्याने स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकून घेतलं आणि तो आवाज बंद करून दिला, म्हणजे विश्वास तिथंच बसला. मग काळी खिडकी उघडून त्यात भराभर धावणारी अक्षरं दाखवली, हे बघा हॅकर. (ती विंडोजमधली साधी कमांड आहे, फायलींची यादी दाखवते, कुणाच्याही कॉम्प्युटरवर तशीच धावते.) मग म्हणाला सिक्युरिटीचं लायसन्स घ्यावं लागेल, २९९ रुपये फक्त, कार्डाने भरा. पेमेंटचं पान त्यानेच उघडून दिलं, कार्ड नंबर, तारीख, मागचे तीन आकडे तात्यांनी टाकले, आणि तो पलीकडे बसून बघत होता.

आता ओटीपीचं. तुम्ही म्हणाल मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते, वाचता येत नाही का. तर फोन हातात घेऊन बघा एकदा. ओटीपी आला की वर पट्टी येते, आकडे उचलून 'कॉपी' असं बटणच फोन तुमच्या पुढ्यात ठेवतो, रक्कम लिहिलेली ओळ मागे राहते, ती बघायला मेसेज उघडावा लागतो. चष्मा कपाळावर, एका कानाला लँडलाइनचा रिसीव्हर, समोर स्क्रीन स्वतःहून हलतेय, आणि तो म्हणतोय सर ये पेमेंट का कोड नहीं है, लायसन्स का एक्टिवेशन कोड है, जल्दी बताइए एक्सपायर हो जाएगा. पहिला गेला २४,९९९ चा. मग म्हणाला फेल झालं, पुन्हा येईल, दुसरा गेला ३८,९९९ चा. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी चहा आणून ठेवताना फोनवर बँकेचा डेबिटचा मेसेज बघितला आणि सरळ भिंतीवरचा राउटरचा स्विच बंद केला. आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यात शहाणं काम ते झालं.

मी पणजीहून पोचेपर्यंत मेव्हणीने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून ठेवलेला होता. हे सगळ्यात महत्त्वाचं, आधी १९३०, मग बँक, मग बाकीची रडारड. तिथं कार्डाचे शेवटचे आकडे, ट्रान्झॅक्शनचा नंबर, वेळ, रक्कम विचारतात, म्हणून ते डेबिटचे मेसेज डिलीट करू नका, राग आला तरी. ते लोक पैसा पुढं कुठल्या वॉलेटमध्ये, कुठल्या खात्यात गेला ते बघून तिथं थांबवायला सांगतात, आणि पैसा एका जागी फार वेळ थांबत नाही, हातोहात पुढं जातो, त्यामुळे उद्या सकाळी बँक उघडल्यावर बघू असं म्हणालात तर संपलं. मग सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार, तिचा नंबर जपून ठेवायचा.

बँकेत गेल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली ओटीपी तुम्हीच दिलात, आम्ही काय करणार. अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर आहे, त्यात असं आहे की चूक ना तुमची ना बँकेची, मध्येच कुणी तिसऱ्याने लुबाडलं आणि तुम्ही तीन वर्किंग दिवसांत कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य. पण कोड ग्राहकाने स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवलेली वेळ लेखी पाहिजे, तोंडी नको. आम्ही अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि वेळ दोन्ही घेतलं, ती मुलगी जरा नाराज झाली, होऊ दे.

रागाच्या भरात मी तात्यांच्या नेटवाल्यालाही फोन केला, म्हटलं तुम्ही ह्या असल्या साइट ब्लॉक का करत नाही. तो म्हणाला दादा आम्ही फक्त लाइन देतो, आत काय जातं ते आम्हाला दिसत नाही. मला आधी तो टाळतोय असं वाटलं, पण त्याचं बरोबर आहे, हल्ली बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असतात, म्हणजे पानावरचा मजकूर कुलूपबंद होऊन येतो, पुरवठादाराला फार तर साइटचं नाव दिसतं, पानावर काय आहे ते नाही. हे एका अर्थी बरंच आहे, कारण पूर्वी साध्या एचटीटीपीच्या पानांत काही पुरवठादारच मध्ये स्वतःच्या जाहिराती घुसवायचे, आपल्या देशात पण. नावावरून मात्र अडवता येतं, आणि ते आपल्यालाही करता येतं. राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलायचा, मी क्वाड-नाइनचा टाकलाय, चार वेळा नऊ, फुकट आहे, माहितीतल्या फसव्या साइट तो उघडूच देत नाही. नवी साइट कालच काढलेली असेल तर ती निसटणार.

बाकी आईवडिलांच्या मशिनवर बसाल तेव्हा एवढं कराच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथं परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. तात्यांच्या यादीत एकही ओळखीचं नाव नव्हतं, सगळी अगम्य अक्षरं, सगळी उडवली आणि यापुढे कुणी विचारूच नये असं करून टाकलं. फोनवरच्या क्रोममध्ये पण हीच यादी असते, ती विसरू नका, टिंगटिंग तिथं जास्त. जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन टाकलं, ते पूर्ण रूपात फायरफॉक्सवर चालतं, क्रोमवर आता त्याची लाइट आवृत्ती मिळते. आणि ती निळी स्क्रीन आलीच तर एस्केपचं बटण दाबून धरायचं, नुसतं टिचकी मारून नाही, धरून ठेवायचं, म्हणजे फुल स्क्रीन सुटते आणि खरा क्रॉस दिसतो. नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून सरळ बंद, डेटा कुठं जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तात्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

कार्डाचं पण बघा. जानेवारी २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या सर्क्युलरमुळे प्रत्येक कार्डाचा ऑनलाइन वापर आपल्याला ॲपमधून चालू-बंद करता येतो, लिमिट ठरवता येतं. तात्यांचं आता दोन हजारावर आहे. विजेचं बिल आणि मोबाईल रिचार्ज सोडून ते ऑनलाइन काही घेतच नाहीत, तर लाखभराचं लिमिट कशाला उघडं होतं कोण जाणे.

सध्याची स्थिती अशी की सतरा हजारांच्या आसपास रक्कम एका वॉलेटमध्ये अडवून ठेवलीय असं आम्हाला कळवलंय, ती हातात यायला वेळ लागेल म्हणतात. बाकीचे गेले. आणि मागच्या आठवड्यात तात्यांना एक फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे सगळे पैसे सापडलेत, परत पाठवायला प्रोसेसिंग फी २,५०० भरा. म्हणजे एकदा फसलेल्या माणसांच्या याद्या पण पुढं विकल्या जातात. तात्यांनी त्याला कोंकणीतून जे काय ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही, पण तो नंबर टिपून घेतला आणि आम्ही तोही त्याच तक्रारीला जोडून दिलाय.