विम्यासोबतची रोडसाइड असिस्टन्स: पावसाळ्यासकट काही महिने वापरल्यावर

कारच्या विम्यात थोडे जादा पैसे भरून मिळणारी, रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवणारी ही सोय शहरात पैसे वसूल करून देते. घाटात मात्र आपण फोनवर नेमकं काय सांगतो, यावरच सगळं ठरतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मदतीला येणारी गाडी बहुधा त्या भागातल्या क्रेनवाल्याचीच असते.

बॅटरी उतरणं, किल्ली आत राहणं, स्टेपनी चढवणं ही कामं पुण्या-ठाण्यात नीट होतात. जंपस्टार्ट (दुसऱ्या बॅटरीने गाडी सुरू करणं) झाल्यावर मेकॅनिकला लगेच सोडू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावायला सांगा. साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. साडेबाराच्या खाली रेंगाळत असेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा बेल्ट गेलाय, गाडी पुढे पुन्हा बंद पडणार; तिथेच टोचन मागितलेलं बरं. पंक्चर काढून मिळेलच असं नाही, बहुतेकदा फक्त स्टेपनी बसवतात. त्यामुळे स्टेपनीत हवा नसेल तर फेरी फुकट. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच नसते, हे कॉल करतानाच सांगा.

खरी गडबड टोचनात. ‘गाडी बंद पडलीय’ एवढंच सांगितलं तर पुढची चाकं उचलून नेणारी क्रेन येते. साध्या मॅन्युअल, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ती चालते. ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक असेल तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी सपाट पाठीवर चढवून नेणारा ट्रक) हवा, कारण चाकं रस्त्यावर फिरली तर गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होऊ शकते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही, ऑटोमॅटिकचा गिअर न्यूट्रलला येत नाही. हेही आधीच कळवा. टोचनाचा हुक स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे आट्यांत फिरवून घट्ट बसवायचा असतो. फ्लॅटबेडवर पट्टे टायरवरून बांधायला सांगा. साखळी सस्पेन्शनच्या आर्मला अडकवणारे महाभाग भेटतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा. चढवण्याआधी चारी बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवा.

साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला जंपस्टार्ट अजिबात नको, मेकॅनिक कितीही म्हणाला तरी. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर स्टार्टर मारताच इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

राष्ट्रीय महामार्गावर आधी महामार्गाची हेल्पलाइन 1033 लावा, विमा कंपनी नंतर. टोलवाल्यांची क्रेन गाडी तुमच्या गॅरेजला नेणार नाही, पण धोक्याच्या लेनमधून बाजूला काढेल. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळाचा), तिथली गस्त वेगळी. कुठेही असलात तरी किलोमीटरच्या खांबाचा आकडा आणि कोणत्या शहराकडे जाणारी बाजू, हे दोन्ही सांगा. आंबोली-फोंड्यासारख्या घाटांत रेंज दगा देते आणि ॲपमधलं लोकेशन भलतीकडे दाखवतं. चारी इंडिकेटर लावून त्रिकोण मागे किमान 50 मीटरवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. माणसं गाडीत नव्हे, रेलिंगपलीकडे.

पॉलिसीत टोचनाची किलोमीटर मर्यादा आणि वर्षातल्या सेवांची संख्या तपासा. मर्यादेपुढचा दर क्रेनवाल्याशी रस्त्यात नव्हे, कॉलवरच ठरवून मेसेजवर मागा. इंधन आणून देतात, पण इंधनाचे पैसे बहुधा आपलेच. साध्या पॉलिसीतले टोचनाचे 1,500 रुपये फक्त अपघातासाठी असतात, बिघाडासाठी नाहीत. सर्वांत ठिसूळ जागा म्हणजे इंटरनेटवर शोधून लावलेला नंबर: कंपनीच्या नावाने कोणीतरी बोलतं आणि आधी यूपीआयने पैसे मागतं. नंबर पॉलिसीच्या कागदावरूनच सेव्ह करा. काम संपल्याचा ओटीपी मागितला तर गाडी गॅरेजच्या दारात उतरून, नवे ओरखडे पाहून झाल्यावरच द्या. वाटेतच मागणारे असतात.