पाण्याची लाइन: फिरवायची, जोडून टाकायची की बूच मारायचं?

जुनं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणारी नळ्यांची जुडी, उतरवलं की इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे दोन बारीक होज (रबरी नळ्या) लोंबकळत राहतात आणि बाहेरून मागवलेल्या नव्या मॅनिफोल्डवर त्यांच्यासाठी तोंडच नसतं. अशा वेळी आमच्या इंदूरच्या गॅरेजात एक उत्तर तयार असतं, "भिया, बूच मार दो, कुछ नहीं होता." मी ते ऐकलं. मग मे महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना, भेरूघाटाच्या चढावर, एसी चालू, मागे सासूबाई, आणि बॉनेटमधून वाफ. रबराचं बूच चिरून उडालं होतं. त्यामुळे हा पर्याय आधी निकालात काढतो.

धातूचं बूच लावलं तर ते उडणार नाही, हे खरं. पण काही इंजिनांत ही बारीक लाइन नुसती थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार) गरम ठेवायला नसते. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह) मिटलेला असताना पंपानं ढकललेलं थोडं पाणी याच वाटेनं परत फिरतं. वाट बुजवली की गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर हेडचा (इंजिनाच्या वरच्या भागाचा) एखादा कोपरा भलताच तापलेला असतो. हीटरची जाड लाइन बुजवणं तर त्याहून वाईट.

उरले दोन मार्ग. लांब होज घालून पाणी पूर्वीसारखं थ्रॉटल बॉडीतून न्यायचं, किंवा थ्रॉटल बॉडी वगळून दोन्ही टोकं एकाच होजनं जोडायची. गॅरेजच्या भाषेत लूप.

लूप करणारे बहुतेक जण ताकदीच्या आशेनं करतात. थंड हवा, जास्त दम. हिशेब करून बघा. दीड लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला साधारण 75 लिटर हवा ओढतं. 56 मिलिमीटरच्या थ्रॉटलमधून ती सेकंदाला 30 मीटरच्या वेगानं जाते, म्हणजे आठ सेंटिमीटरची थ्रॉटल बॉडी ओलांडायला तिला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. एवढ्यात ती कितीशी तापणार? पलासियाच्या सिग्नलला उभं असताना ती तापते खरी, पण तिथे ताकद कुणाला हवी आहे? लूपचा खरा फायदा वेगळा आहे: होज कमी, जोड कमी, गळायच्या जागा कमी.

गरम पाणी मुळात दिलेलं असतं ते थंड, दमट हवेत थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ धरू नये म्हणून. इंदूरचा जानेवारी पहाटे गारठवतो, पण इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, पोर्टपाशी (सिलिंडरच्या तोंडाशी) पडतं; त्याच्या बाष्पीभवनाचा गारवा पाकळीला लागत नाही. कार्ब्युरेटरवाल्यांनी मात्र हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. एकंदर माळव्याच्या हवेत इंजेक्शनच्या गाडीला लूपची भीती नाही. एक अट सोडून.

अट म्हणजे मेणाचा व्हॉल्व्ह. नव्वदीतल्या होंडाच्या बऱ्याच इंजिनांत थंड इंजिनाचा आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) वाढवायला असा व्हॉल्व्ह असतो. गरम पाणी लागलं की आतलं मेण फुगतं आणि जादा हवा बंद होते. पाणीच दिलं नाही तर व्हॉल्व्ह मिटत नाही. आयडल चढलेला राहतो, नाहीतर वरखाली झुलत बसतो, आणि मेकॅनिक सेन्सर बदलत सुटतो. तुमच्याकडे असा व्हॉल्व्ह असेल आणि तो नव्या मॅनिफोल्डवरही राहणार असेल, तर लांब होजचाच मार्ग धरा. आयडल पूर्णपणे ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) मोटरवर असेल, तर मी डोळे झाकून लूप करीन.

तापमानाचा सेन्सर जुन्या मॅनिफोल्डच्या पाण्याच्या वाटेवर बसलेला असेल, तर दोन्ही मार्गांत त्याला वाहत्या पाण्यात नवी जागा द्या. साचलेल्या कोपऱ्यात बसवलात तर ईसीयूला इंजिन थंडच वाटत राहील: पेट्रोल जास्त, आणि पंखा त्याच सेन्सरवर चालत असेल तर तोही उशिरा.

होज कूलंटसाठीचाच घ्या, ईपीडीएम (उष्णता सोसणारं रबर) किंवा सिलिकॉनचा. पेट्रोलचा होज मापाला बसतो, म्हणून उस्ताद तोच सरकवतात; गरम कूलंटमध्ये तो टिकत नाही. सिलिकॉनवर चिरा असलेली साधी क्लिप आवळू नका, ती होज कापते. जोडाला कडा उठवलेली पितळी निपल हवी. गुळगुळीत नळीवरून होज दाबाखाली सरकतो. लांब होजच्या मार्गात वळण मोठं ठेवा आणि एक्झॉस्टपासून लांब राहा. लूपमध्ये होज एवढा आखूड कापू नका की वळताना चिमटेल. चिमटला तर ते बूचच झालं.

मग पाण्यात अडकलेली हवा काढणं. जुन्या मॅनिफोल्डवर हवा काढायचा स्क्रू असेल तर नव्या रचनेतल्या सर्वांत उंच जागी तो पुन्हा आणा. इंजिन थंड असताना गाडीचं नाक चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून कूलंट भरा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या, आणि पुन्हा पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून पातळी बघा. 1978 पासून इंदूरच्या नळाला नर्मदामैया येते, तिला नमस्कार. रेडिएटरमध्ये मात्र डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.