टी१२ धावपटू: गाइडसोबत की एकटी?

टी११ आणि टी१२ हे दृष्टिबाधित धावपटूंचे पॅरा गट. टी११ मध्ये, म्हणजे जवळजवळ पूर्ण अंधांच्या गटात, हा प्रश्नच नसतो: डोळ्यांवर पट्टी आणि गाइड (सोबत धावून वाट दाखवणारा), दोन्ही सक्तीचे. टी१२ मध्ये थोडी दृष्टी असते, म्हणून निवड खेळाडूची.

एकटं धावलं तर हात मोकळे, वेगाची जुळवाजुळव नाही. पण २०० मीटरच्या वळणावर लेनची रेषा अंधुक दिसली की पाऊल आत पडतं आणि शर्यत बाद होऊ शकते. गाइड असेल तर वळण बिनघोर. मात्र त्याचा वेग खेळाडूपेक्षा जास्तच हवा, आणि हातांची लय महिनोन्‌महिने घोटावी लागते. दोघांचे हात जोडणारी दोरी ताणली तरी ३० सेंटिमीटरपर्यंतच, आणि ती शेवटपर्यंत सोडायची नाही. ओढायचं नाही, आणि शेवटची रेषा खेळाडूनेच आधी ओलांडायची. पॅरिस २०२४ पॅरालिम्पिकमध्ये भारताच्या सिमरन शर्माने टी१२ गटातलं २०० मीटरचं कांस्य गाइड अभय सिंहच्या साथीने मिळवलं.

दोरीचा नियम किती कडक? त्याच पॅरिसमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त मॅरेथॉनच्या अगदी शेवटी गाइडला पेटके आले म्हणून सावरायला गेली, हातातली दोरी सुटली, आणि त्या दिवशी ती बाद ठरून तिसरा क्रमांक गेला. नियम बरोबर असेल, पण इतका कोरडा?

२०० मीटरसाठी आमचं मत गाइडच्या बाजूने. चांगला गाइड मिळत नसेल, तर मात्र एकटीच बरी.