ब्लेंडरचं कॅमेरा ट्रॅकिंग व्हीएफएक्सच्या वर्गात कितपत चालतं?

व्हीएफएक्स शिकवायचं तर लॅबच्या प्रत्येक मशीनवर सॉफ्टवेअर हवं आणि मुलांना घरीही सराव करता यायला हवा. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे लायसन्सचं घोंगडं गळ्यात पडत नाही. शूट केलेल्या फूटेजवरून कॅमेरा कसा हलला ते शोधणारा कॅमेरा ट्रॅकर त्यात २०११ पासून आहे आणि पहिल्या वर्षासाठी तो बेधडक घ्यावा.

एका बटणात सगळं उरकणारे ट्रॅकर बाजारात आहेत, पण शॉट फसला की मुलं तिथे हात टेकतात. ब्लेंडरमध्ये मार्कर, म्हणजे चित्रातल्या एका ठळक बिंदूवरची खूण, स्वतः ठेवायचा, पॅटर्नचा (काय शोधायचं) आणि सर्चचा (कुठे शोधायचं) चौकोन ठरवायचा, कंट्रोल-टी दाबून तो सरकताना बघायचा. भिंतीवरच्या खिळ्याला धरून चाललेला मार्कर मध्येच शेजारच्या पोपड्यावर उडी मारतो, ते डोळ्यांदेखत दिसतं. जवळचा खांब आणि मागची तार जिथे एकमेकींना छेदताना दिसतात तिथे ठेवलेला मार्कर तर छान चिकटून चालतो. पण तसा बिंदू प्रत्यक्षात नसतोच, आणि अख्खा सोल्व्ह, म्हणजे मार्करवरून काढलेली कॅमेऱ्याची हालचाल, वाकडा होतो.

सोल्व्हची सुरुवात ज्या दोन फ्रेमवरून होते, त्या दोन्ही कीफ्रेममध्ये समाईक मार्कर किमान ८ लागतात. मुलांना २० तरी ठेवायला लावावेत, जवळ-दूर विखुरलेले; सगळे एकाच भिंतीवर नकोत. सोल्व्ह एरर, म्हणजे हिशेबातला बिंदू आणि मार्कर यांतलं सरासरी अंतर, १ पिक्सेलच्या आत हवा, ०.५ च्या आत आला तर उत्तम. मात्र तो आकडा खाली आणायला मार्कर सरसकट उडवू देऊ नयेत. आकडा सुधारतो आणि शॉटमध्ये ठेवलेली थ्रीडी वस्तू जमिनीवरून घसरत राहते. जमिनीवर एक क्यूब ठेवून शॉट शेवटपर्यंत चालवून बघावा, तीच खरी परीक्षा.

बहुतेक शॉट बिघडतात ते शूटिंगमध्येच. मोबाइलचं स्टॅबिलायझेशन प्रत्येक फ्रेम वेगळी कापतं, मग लेन्सचं गणित जुळत नाही; ते बंदच ठेवावं. मोबाइलचा फ्रेम रेटही कमीजास्त होतो, म्हणून क्लिप आधी सेकंदाला ठरावीक २५ फ्रेमच्या पीएनजी सिक्वेन्समध्ये (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) काढून घ्यावी. शटर १/१०० सेकंद ठेवला की आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली फ्लिकर येत नाही आणि मार्करही धूसर होत नाहीत. ट्रायपॉडवर नुसता पॅन असेल तर पॅरलॅक्स, म्हणजे जवळ-दूरच्या वस्तूंचं एकमेकांसापेक्ष सरकणं, नसतोच. तेव्हा सोल्व्हमधला ट्रायपॉडचा पर्याय टिक करायचा.

एक गोष्ट मात्र खटकते. ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे रंग पडद्यावर दाखवायची पद्धत, डीफॉल्ट आहे, आणि तो फूटेजवरही बसल्याने माणसांची त्वचा फिकट पडते. स्टँडर्ड केलं की फूटेज जागेवर येतं, पण सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या, वस्तूच्या चकाकत्या कडा जळतात. नवख्यांनी स्टँडर्ड ठेवून लाइट कमी करावेत.

मॅचमूव्हमध्येच, म्हणजे या कॅमेरा ट्रॅकिंगच्या कामातच, नोकरी करायची असेल तर एवढ्यावर भागणार नाही. मोठ्या स्टुडिओंत थ्रीडी इक्वलायझर हे ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर चालतं; शेवटच्या सत्रात त्यावर दोन-तीन शॉट करून घ्यावेत.